साहेबांचा पाच, गेटाचा शून्य

माफी मागायची म्हटली की माझ्या कपाळाला आठी पडते. ही खोड जन्माची आहे असं आई म्हणते, आणि एवढ्या एका बाबतीत आईशी माझं भांडण नाही. आजवर लेखी माफी मी एकदाच मागितली. ती मागायच्या आधी एका मोठ्या साहेबाशी भांडावं लागलं, आणि खरं सांगते, त्या भांडणाचा मला तिळभरही पस्तावा नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सुरतेत इच्छापोरच्या बाजूला आमचा धाग्याचा कारखाना होता आणि मी तिथल्या कॉम्प्युटर खात्यात नोकरीला होते. घर नवागामात, खानदेशी वस्तीत. वडील लूमवर, आई दारात बसून बॉबिन भरायची, घरातलं बोलणं सगळं अहिराणीत. डिप्लोमा करून मी कामाला लागले तेव्हा गल्लीतल्या बायांनी आईला विचारलं, "पोर काय करस कंपनीमा?" आईनं ठसक्यात सांगितलं, "डब्बासनी देखरेख करस." खोटं नव्हतं. माझ्या ताब्यात खरोखर एक डबाच होता.

त्या डब्याला राऊटर म्हणतात. कारखान्याचा मुख्य कॉम्प्युटर मुंबईच्या हेड ऑफिसात, आणि तिथपर्यंत आमची भाड्यानं घेतलेली एकच लाइन, तीही अशी बारीक की आजची पोरं ऐकून हसतील. सुरतेत बटण दाबलं की ते मुंबईला जाणार, तिथून उत्तर येणार, मग आमच्या पडद्यावर अक्षर उमटणार. ही सगळी ये-जा तुकड्यातुकड्यांनी होते. त्या तुकड्याला पॅकेट म्हणायचं. प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर शून्यापासून सातापर्यंत एक आकडा लिहायची सोय असते. कुणी काही लिहिलं नाही तर शून्य. लाइन तुंबली की राऊटर कपाळ बघतो आणि मोठ्या आकड्याला आधी वाट देतो. आणखी एक सोय असते. अमक्याला इतकीच वाट द्यायची असं ठरवता येतं, आणि त्याहून जास्त पॅकेटं आली की वरची टाकून द्यायची. टाकून म्हणजे खरंच टाकून, केरात. पाठवणाऱ्यानं ती पुन्हा पाठवायची. थोडक्यात नाक्यावरचा हवालदार, आणि त्या हवालदाराला हुकूम देणारी मी, तेवीस वर्षांची. डोक्यात हवा गेली नसती तरच नवल.

गेटावर एक काका होते. माल भरलेली गाडी बाहेर पडताना तिचा गेटपास काढायचा, हे त्यांचं काम. पन्नाशी उलटलेली, मूळ भुसावळकडचे, वडील रेल्वेत होते. गेटावर कॉम्प्युटर बसवला तेव्हा म्हातारा आठ दिवसांत पळतो म्हणून लोकांनी पैजा लावल्या होत्या. काकांनी एका पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला, एकेक अक्षर शाईनं गिरवलं, आणि जेवणाच्या सुट्टीत महिनाभर त्याच्यावर बोटं चालवली. पैज लावणारे हरले. दोनच बोटांनी टाइप करायचे, पण चूक म्हणून सापडायची नाही.

माणूस नियमाचा इतका की नको जीव व्हावा. संध्याकाळी सुटताना प्रत्येकाची पिशवी तपासायची, असा कारखान्याचा नियम. बाकीचे रखवालदार ओळखीच्यांना हात हलवून सोडून द्यायचे. काका उभे असले की ते चालायचं नाही. माझ्याशी अहिराणीत बोलायचे, मला बेटी म्हणायचे, आणि बेटीचीही पिशवी उघडायचे. डबा, छत्री, रुमाल, एकेक वस्तू बघायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, मी काय धाग्याची खोकी ओढणीत बांधून नेते का?" तर म्हणाले, "नही नेस तू. म्हनीसनच उघड." नेत नाही, म्हणूनच उघडायची! कपाळ!

एके दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमच्या कारखान्याचे जनरल मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण सबुरी नावाची गोष्ट त्यांच्या गावात पिकत नव्हती. शिपायाला बोलवायची घंटी एकदा वाजवून त्यांचं कधी भागलं नाही. टण टण टण, तीनदा. त्यांचा नातू अमेरिकेत होता आणि त्याचे फोटो मेलवर यायचे. ते उतरायला अर्धा-पाऊण तास लागे, आणि साहेब खुर्चीत बसून चुळबुळत. मला म्हणाले, "बेन, मारी मेल बहु धीमी आवे छे. कंई करो ने."

मी नुकतंच राऊटरचं जाडजूड पुस्तक वाचून काढलं होतं. हात शिवशिवत होते. म्हटलं, साहेब, संध्याकाळपर्यंत करते. आणि केलं. साहेबांच्या केबिनमधून येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांना पाच नंबर. बाकी सगळ्यांना शून्य, आणि साहेबांची मेल उतरत असेल तेव्हा त्या सगळ्यांना मिळून लाइनीचा चौथा हिस्सा. त्याच्या वर गेलं की ड्रॉप. तो ड्रॉप शब्द मी माझ्या बोटांनी टाइप केला. 'बाकी सगळे' म्हणजे कोण कोण, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. लाइन साहेबांसाठी लोण्यासारखी चालायला लागली. खूश होऊन त्यांनी मला घारी दिली, तुपात घोळलेली सुरती मिठाई, आणि मी ती उभ्या उभ्या खाल्ली. तो मंगळवार होता.

तीन आठवडे गेले. एका बुधवारी दुपारी काका आमच्या खोलीत आले. खोलीत एसी होता म्हणून चपला बाहेर काढायच्या, देवळापेक्षा कडक. काकांनी चपला काढल्या, पाय पुसले, आणि माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एक नोटीस, दुसरा कोरा.

नोटिशीत लिहिलं होतं की तीन आठवड्यांत अकरा वेळा एकाच गाडीचे दोन-दोन गेटपास निघाले. दोन्हींवर पासाचे नंबर वेगळे. म्हणजे दुसऱ्या पासावर दुसरी गाडी बिनबोभाट बाहेर काढता येईल. गोदामातला माल मोजला होता, एक खोकं कमी नव्हतं, जादा पास काकांनी रजिस्टरात रद्द केलेले होते, पण 'हेतू संशयास्पद' होता. शनिवारपर्यंत काकांनी लेखी कबुली देऊन माफी मागावी, म्हणजे गेटावरून काढून माल चढवायच्या कामाला लावू. नाही दिली तर घरी.

काका म्हणाले, "माले इंग्रजी लिहता येत नही. तू लिही दे. मी सही करस."

"काका, पास दोन-दोन काढलेत का तुम्ही?"

"मी बटन दाबं. पडदा दगड व्हई गया. परत दाबं." थोडं थांबून म्हणाले, "मी चोर नही शे, बेटी."

आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. एवढंच म्हणाले की इतक्या वर्षांत कुणी चोर म्हणालं नव्हतं, आता स्वतःच्या सहीनं म्हणायचं. घर चालायला पाहिजे. मला असं भरून आलं की मी पेन उचललं. 'मी कबूल करतो की' एवढं इंग्रजीत लिहिलंही. मग विचारलं, तारखा कोणत्या?

काकांनी खिशातून छोटी डायरी काढली. कॉम्प्युटर आला तरी या गृहस्थानं आपली हाताची नोंद सोडली नव्हती. प्रत्येक गाडीचा नंबर, प्रत्येक गाडीची वेळ, आणि जिथे पडदा अडकला तिथे एक फुली. मी पानं मागे चाळत गेले. दीड वर्ष एकही फुली नाही. पहिली फुली सापडली तो बुधवार होता, आणि त्याच्या आदल्या दिवशी मी घारी खाल्ली होती.

उठले आणि राऊटरला विचारलं की तू काय काय टाकून दिलंस. तो मोजून ठेवतो. रोज चारच्या सुमारास आकडा फुगलेला. भरलेल्या गाड्या चारला सुटायच्या, आणि साहेबांचा कॉम्प्युटर चारच्या ठोक्याला आपण होऊन मेल ओढायला लागायचा. पाच नंबरवाला नातू पुढे, आणि शून्य नंबरवाल्या गेटाची पॅकेटं केरात. पडदा थिजायचा. काका वाट बघून दुसऱ्यांदा बटण दाबायचे. वाट मोकळी झाली की दोन्ही बटणं एकामागोमाग मुंबईला पोचायची आणि तिथलं यंत्र इमानेइतबारे गेटावरच्या प्रिंटरला दोन पास छापायला सांगायचं.

मी तो कागद फाडला. "काका, हे मी लिहिणार नाही. आणि तुम्हीही शनिवारपर्यंत कशावर सही करू नका."

काकांनी डायरी खिशात घातली. हे सगळं मीच केलंय, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

घरी आईला सांगितलं. बॉबिनवरचा हात न थांबवता तिनं विचारलं, "चूक कोनी?"

"माझी."

"मंग तोंड कोनं उघडाले पाहिजे?"

संपलं. आमच्याकडे उपदेश एवढाच असतो.

तुम्ही म्हणाल, गुपचूप दोन ओळी बदलायच्या की! राऊटर माझ्या हातात, कुणाला कळलंही नसतं. गुरुवारी दिवसभर मी हाच विचार केला, कारण साहेब बाहेरगावी होते. गुपचूप दुरुस्त केलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून डबल पास निघायचे बंद झाले असते, आणि सगळा कारखाना म्हणाला असता, बघा, नोटीस मिळाली तसा म्हातारा सुतासारखा सरळ आला. काका कायमचे चोर ठरले असते, आणि ठरवणारी मी. तेव्हा मी ठरवलं की एका ओळीला हात लावायचा नाही. जे आहे ते तसंच राहू दे, आणि ज्यानं नोटीस काढली त्याला दिसू दे.

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, गेटावरच्या काकांचा दोष नाही, लाइनीचा आहे.

"लाइन? लाइन तो मेरी मक्खन चल रही है."

"तेच तर सांगतेय साहेब. तुमची चालतेय."

ते हसले. "बेन, तू टेक्निकल छे, टेक्निकल कर. आदमी को मैं पहचानता हूँ."

माझं डोकं सणकलं. दीड वर्षात ज्यांनी गेटावर गाडीची काचसुद्धा खाली केली नव्हती, ते माणसं ओळखत होते! मी म्हटलं, "मग आज चार वाजता गेटावर या आणि एक पास स्वतः काढून दाखवा. तुमच्या हातून एकच निघाला तर मी आजच राजीनामा देते."

आगाऊपणा म्हणा हवं तर. पण अशा माणसाला पैज लावल्यावर तो घरी बसत नाही. चारला पाच मिनिटं कमी असताना साहेब गेटावर हजर. त्यांच्या मागे मी, आणि माझ्या मागे अर्धं ऑफिस, सगळ्यांना अचानक गेटाकडे काम निघालेलं. खिडकीपाशी एक भरलेली गाडी उभी होती, तिचा ड्रायव्हर कोपर टेकून बघत होता. काका उठून बाजूला उभे राहिले. साहेब त्यांच्या खुर्चीत बसले.

गाडीचा नंबर टाइप केला. माल टाइप केला. चार वाजले. तिकडे केबिनमध्ये त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरनं मेल ओढायला सुरुवात केली असणार. साहेबांनी बटण दाबलं. पडदा थिजला.

"हं?" साहेब म्हणाले.

त्यांनी पुन्हा दाबलं. माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. अर्धं मिनिट गेलं असेल नसेल, आणि हाडाची खोड ती, तिसऱ्यांदा दाबलं.

मग प्रिंटर कुरकुरला. एक पास. पाठोपाठ दुसरा. आणि थोडा दम खाऊन तिसरा.

ड्रायव्हर खिडकीतून मोठ्यानं हसला. "साहब, गाडी तो मैं एक ही लाया हूँ!"

साहेबांचे कान लाल झाले. मला वाटलं होतं मी आता काहीतरी जोरदार बोलेन, रात्रभर घोकून ठेवलेलं. पण काका पुढे आले. त्यांनी पहिला पास प्रिंटरवरून फाडून ड्रायव्हरला दिला. उरलेल्या दोन्हींवर आडवं 'रद्द' लिहिलं. मग रद्द पासांचं रजिस्टर उघडून साहेबांच्या पुढ्यात ठेवलं आणि पेनाचं टोपण काढून दिलं. "साहब, जिसने निकाला उसकी सही. नियम है."

साहेबांनी सही केली. दोन पास, दोन सह्या. काकांनी दोन्ही निरखून बघितल्या आणि रजिस्टर मिटलं.

"ये लाइन का गोटाळा किया किसने?" साहेब माझ्याकडे वळून म्हणाले.

"मी," म्हटलं. "हुकूम तुमचा, बोटं माझी. तुम्हाला पाच नंबर दिला आणि गेटाला शून्य. तुमच्या नातवाचे फोटो पुढे गेले आणि काकांची बटणं केरात गेली. आता माफीनामा लिहायचाच असेल तर तो तुम्ही आणि मी लिहायचा."

साहेब खुर्चीतून उठले आणि केबिनकडे निघून गेले. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या गाडीचा नंबर विचारायला खिडकीशी गेले.

त्याच संध्याकाळी मी सगळं उलटं केलं. गेटाला पाच. साहेबांच्या केबिनला अर्धी लाइन, आणि त्याच्या वर जे येईल ते टाकून द्यायचं नाही, फक्त त्याच्या कपाळावरचा आकडा शून्य करायचा. म्हणजे मिळेल, पण रांगेत उभं राहून. नातवाचे फोटो पुन्हा पाऊण तासानं उतरायला लागले. पंधरवड्यानं साहेबांनी निरोप पाठवला, पहिल्यासारखं कर. म्हटलं, लेखी द्या. मुंबईहून फोन आला. म्हटलं, लेखी द्या. नातवाचे फोटो मालाच्या गाड्यांच्या आधी सोडा, असं कागदावर लिहायला एकही माईचा लाल पुढे आला नाही. मग मुंबईच्या कुणीतरी शक्कल लढवली आणि तिकडूनच साहेबांच्या पॅकेटांच्या कपाळावर सहा लिहून पाठवायला लागला. माझ्या राऊटरला मी सांगून ठेवलं, बाहेरून कपाळावर काहीही लिहून येऊ दे, दारातच पुसायचं आणि आपला आकडा घालायचा. आकडा घेऊन कुणी जन्माला येत नाही. कुणीतरी तो लिहितं, आणि लिहिणाऱ्याला जाब विचारता येतो. माझी बढती दोन वर्षं अडकली. अडकू दे. मी तोंड वाकडं केलं नाही आणि ती ओळही बदलली नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या शनिवारचं सांगायचं राहिलं.

शनिवारी सकाळी साहेबांचा शिपाई गेटावर सांगून गेला की नोटिशीचं विसरून जा. काका म्हणाले, दिली कागदावर आणि मागे घ्यायची तोंडानं? दुपारपर्यंत त्यांनी तीन वेळा शिपायाला परत पाठवलं. शेवटी नोटीस रद्द केल्याचा कागद आला, सही-शिक्क्यासकट. लेखी द्या म्हणायला मी कुठे शिकले ते आता कळलं असेल.

संध्याकाळी सुटताना मी गेटावर गेले. माझ्या हातात एक कागद होता, मराठीत लिहिलेला. त्यात लिहिलं होतं की गेटाची पॅकेटं टाकून द्यायचा हुकूम मी विचार न करता राऊटरला दिला, त्यामुळे तुमच्यावर चोरीचा आळ आला, चूक माझी आहे. आणि बुधवारी कळल्यावरही शुक्रवारपर्यंत मी तुम्हाला सांगितलं नाही, ती दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. खाली माझी सही.

काकांनी चष्मा लावला. ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं होतं, म्हणतील, जाऊ दे बेटी, होतं असं. मनातून मला तेच हवं होतं.

ते म्हणाले नाहीत. त्यांनी आवक रजिस्टर पुढे ओढलं, तारीख घातली, अनुक्रमांक घातला, विषयाच्या रकान्यात 'माफी' लिहिलं. तोच नंबर माझ्या कागदावर टाकला, शिक्क्यावर फुंकर मारली आणि ठप्पकन उठवला. कागद फायलीत लावून म्हणाले, "आते हाई कागदवर शे."

मी मान हलवली. निघायला वळले.

"बेटी," काकांनी हाक मारली, "पिशवी."

मी पिशवी उघडली. त्यांनी डबा बघितला, छत्री बघितली, रुमाल झटकून बघितला, आणि जा म्हणाले.